विलंबित प्रतिदीप्तीचे रंजक नॅनोकणांत भरून जिवंत पेशी पाहणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिवंत पेशींचे चित्रण करणारे आणि नुकतेच या कामाकडे वळलेले विद्यार्थी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्न बहुतेक रंजकाबद्दल असतात. माझी उत्तरे मात्र सारखी कणाकडे आणि ऑक्सिजनकडे वळतात, कारण काम अडते ते तिथेच.

विलंबित प्रतिदीप्ती म्हणजे नेमके काय?

प्रयोगशाळेत ज्याला आपण सरसकट फ्लुरोसन्स म्हणतो ती साधी प्रतिदीप्ती काही नॅनोसेकंदांत संपते. रेणूने प्रकाश शोषला, तो सिंगलेट उत्तेजित अवस्थेत (दोन इलेक्ट्रॉनांची फिरकी उलटसुलट) गेला, तिथून प्रकाश टाकून खाली आला, संपले. काही रेणूंमध्ये मात्र हा प्रवास मध्येच वाट बदलतो. रेणू सिंगलेटमधून ट्रिप्लेट अवस्थेत (फिरकी एकाच दिशेची) उतरतो आणि तिथे अडकतो, कारण ट्रिप्लेटमधून प्रकाश टाकून खाली येणे क्वांटम नियमांनुसार जवळजवळ निषिद्ध असते. या दोन अवस्थांमधले ऊर्जेचे अंतर पुरेसे लहान असेल, तर आजूबाजूच्या उष्णतेच्या धक्क्यांनी रेणू पुन्हा सिंगलेटमध्ये चढतो आणि मग प्रकाश टाकतो. प्रकाश तोच, रंगही तोच, फक्त उशिरा. हा उशीर मायक्रोसेकंदांचा असतो, कधी मिलिसेकंदांपर्यंतही जातो.

उष्णतेच्या बळावर घडते म्हणून या प्रकाराचे पूर्ण नाव औष्णिक सक्रियतेने होणारी विलंबित प्रतिदीप्ती. बोलताना सगळे टीएडीएफ म्हणतात, मीही तेच म्हणेन.

ऊर्जेचे अंतर किती लहान लागते?

37 अंश सेल्सियसला उष्णतेची ऊर्जा साधारण 27 मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट असते. अंतर याच्या तीन-चार पटींत असेल तर परतीची चढण मायक्रोसेकंदांत जमते. 4सीझेडआयपीएन हा या क्षेत्रातला सर्वांत परिचित रेणू, त्याचे प्रसिद्ध झालेले मूल्य 83 मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. ऑक्सिजन काढून टाकलेल्या टोल्यूइनमध्ये त्याचा विलंबित भाग सुमारे 5 मायक्रोसेकंद टिकतो.

पण उशीर हवाच कशाला? चांगला तेजस्वी रंजक पुरेसा नाही का?

पेशी स्वतःच चमकते, हा खरा त्रास आहे. एनएडीएच, फ्लेव्हिन, जुन्या पेशींमध्ये साठणारे लिपोफ्युसिन, ऊतीत कोलॅजन, हे सगळे निळ्या किंवा अतिनील प्रकाशात निळ्यापासून पिवळ्यापर्यंतचा उजेड टाकतात. तुमचा रंजक त्याच पट्ट्यात चमकत असेल तर फिल्टर काही करू शकत नाही, कारण फिल्टरला रंग कळतो, मालक कळत नाही.

वेळ मात्र मालक ओळखते. समजा पार्श्वभूमीचा उजेड 5 नॅनोसेकंद आयुष्याचा आहे (आयुष्य म्हणजे उजेड साधारण 37 टक्क्यांवर यायला लागणारा वेळ) आणि रंजकाचा विलंबित उजेड 5 मायक्रोसेकंदांचा. प्रकाशाचा ठोका दिल्यावर कॅमेऱ्याचे दार 100 नॅनोसेकंद बंद ठेवा. तेवढ्यात पार्श्वभूमीची वीस आयुष्ये उलटून जातात, तिचा साधारण 48 कोटींतला एक भाग उरतो. रंजकाच्या विलंबित प्रकाशातला फक्त 2 टक्के भाग वाया जातो. एवढा एकतर्फी सौदा प्रकाशशास्त्रात फार कमी ठिकाणी मिळतो, आणि या विषयात मी गुंतलो तो हा हिशेब पहिल्यांदा कागदावर मांडला त्या दिवसापासून.

हा शोध नवा आहे का?

घटना जुनी, वापर नवा. इओसिनच्या द्रावणांत पार्कर आणि हॅचर्ड यांनी 1961 मध्ये ही प्रक्रिया नीट मोजली. इओसिनच्या आद्याक्षरावरून तिला पुढे ई-टाइप म्हणू लागले. 1996 मध्ये सी70 या फुलरीनमध्ये ती फार ठळकपणे दिसली. खरी लाट आली 2012 मध्ये, जपानमधल्या क्युशू विद्यापीठातल्या चिहाया अदाची यांच्या गटाने धातूविरहित टीएडीएफ रेणूंपासून कार्यक्षम ओएलईडी, म्हणजे विजेने उजळणारे सेंद्रिय दिवे, बनवून दाखवल्यावर. पेशींच्या चित्रणाकडे ही वाट वळली ती त्यानंतर. 2014 मध्ये चीनमधल्या संशोधकांनी फ्लुरेसिनपासून बनवलेला टीएडीएफ रेणू वापरून जिवंत पेशींची कालनियंत्रित चित्रे प्रसिद्ध केली.

ओएलईडीच्या लेखांत 25 आणि 75 टक्के असे आकडे येतात. पेशीतही तेच लागू का?

नाही. विजेने उत्तेजित केल्यावर सिंगलेट आणि ट्रिप्लेट 1:3 प्रमाणात तयार होतात, म्हणून ते आकडे. पेशीत आपण प्रकाशाने उत्तेजित करतो, तेव्हा आधी सिंगलेटच बनतो आणि त्यातला काही भाग ट्रिप्लेटकडे वळतो. किती वळतो हे त्या रेणूवर अवलंबून. म्हणून ओएलईडीसाठी उत्तम ठरलेला रेणू पेशीसाठीही उत्तम असेल असे गृहीत धरू नका. आपल्याला एकूण तेज कमी आणि उशिरा येणाऱ्या प्रकाशाचा वाटा जास्त, असा रेणू अनेकदा अधिक उपयोगी पडतो.

रंजक सरळ पेशींवर घातला तर? नॅनोकणाची भानगड कशाला?

तीन कारणे, तिसरे सर्वांत मोठे.

एक, बहुतेक टीएडीएफ रेणू तेलकट वृत्तीचे असतात, पाण्यात विरघळतच नाहीत. दुसरे, या रेणूंचा एक भाग इलेक्ट्रॉन देणारा आणि दुसरा घेणारा असतो. उत्तेजित झाल्यावर भार एका टोकाकडून दुसऱ्याकडे सरकतो. अशा रेणूभोवती पाण्यासारखे ध्रुवीय माध्यम आले की प्रकाश लालीकडे सरकतो आणि बऱ्याचदा मंदावतो. कणाच्या आतली अध्रुवीय जागा त्याला मानवते.

तिसरे कारण ऑक्सिजन. ऑक्सिजनचा रेणू त्याच्या सर्वसाधारण अवस्थेतच ट्रिप्लेट असतो, त्यामुळे आपल्या रंजकाचा ट्रिप्लेट त्याला भेटला की ऊर्जा त्याच्या हाती देऊन विझतो. साधी प्रतिदीप्ती नॅनोसेकंदांत आटोपते, म्हणून ती या भेटीतून बहुतांशी वाचते. मायक्रोसेकंद ताटकळणाऱ्या ट्रिप्लेटला मात्र ऑक्सिजन गाठतोच. हवेच्या संपर्कातल्या पाण्यात 25 अंशांना लिटरमागे सुमारे 8 मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो, आणि पेशींना तो लागतोच. नायट्रोजन सोडून ऑक्सिजन हाकलणे हा बाटलीतल्या द्रावणासाठीचा उपाय आहे, श्वास घेणाऱ्या पेशीसाठीचा नाही.

म्हणजे कण ऑक्सिजनला आत येऊ देत नाही?

हा गैरसमज इतका पसरला आहे की त्यावर जरा थांबतो.

50 किंवा 100 नॅनोमीटरचा प्लॅस्टिकचा गोळा ऑक्सिजनला बाहेर ठेवू शकत नाही. अंतरच इतके कमी आहे की ऑक्सिजन पापणी लवायच्या आत गाभ्यापर्यंत पोहोचतो. काही वेळाने आतला आणि बाहेरचा ऑक्सिजन समतोलात येतो. मग संरक्षण कसले? संरक्षण असते ते वेगाचे. घट्ट, काचेसारख्या पॉलिमरमध्ये ऑक्सिजन असतो, पण सरकतो फार सावकाश. रंजकाचा ट्रिप्लेट जगतो त्या काही मायक्रोसेकंदांत त्याच्या शेजारी एखादा ऑक्सिजन येऊन धडकण्याची शक्यता खूप घटते. सगळा खेळ धडकांच्या संख्येचा आहे.

एकदा हे कळले की आवरण निवडताना होणाऱ्या निम्म्या चुका टळतात. द्रव तेलाचा थेंब हे सर्वांत वाईट घर, कारण तेलासारख्या द्रावकांत ऑक्सिजन पाण्यापेक्षा कितीतरी जास्त विरघळतो आणि तिथे तो वेगानेही फिरतो. टोल्यूइनमध्ये हे प्रमाण पाण्याच्या सहा-सात पट असते. मऊ, रबरी पॉलिमर त्याखालोखाल. पॉलिस्टायरीन बरे. पॉलिमिथाइलमेथाक्रिलेट, म्हणजे ज्याच्यापासून ॲक्रिलिकच्या पारदर्शक पाट्या बनतात ते, पॉलिस्टायरीनपेक्षा ऑक्सिजनला बरेच जास्त रोखते. पॉलिअॅक्रिलोनायट्राइल त्याहूनही जास्त.

रंजकाचे रेणू स्वतःच एकमेकांना चिकटून दाट, स्फटिकासारखा गाभा करत असतील तर तोही ऑक्सिजनला हळू करतो. फक्त त्या दाटीत रंजकाने स्वतःच विझायला नको. दाट झाल्यावर उलट जास्त चमकणारे रेणू निवडण्याकडे कल आहे तो म्हणूनच.

कण प्रत्यक्षात बनवतात कसे?

सर्वांत सोपी पद्धत पुनरवक्षेपणाची. रंजक, पॉलिमर आणि पेग (पाण्यात रमणारी लांब साखळी) जोडलेला लिपिड हे तिन्ही टेट्राहायड्रोफ्युरान, म्हणजे टीएचएफमध्ये विरघळवा. दुसऱ्या भांड्यात पाणी ध्वनिस्नानात किंवा वेगाने ढवळत ठेवा. टीएचएफचे द्रावण पिपेटने एका झटक्यात पाण्यात सोडा. तेलकट रेणूंना पळायला जागा राहत नाही, ते जागच्या जागी गोळा होतात आणि पेगच्या शेपट्या बाहेर पाण्यात राहतात. मग टीएचएफ उडू द्या, म्हणजे नायट्रोजनच्या मंद झोताखाली किंवा रात्रभर ढवळत, फ्यूम हूडमध्ये.

नीट झालेला नमुना हातात धरून बघा. उजेडाच्या दिशेने पाहिले तर तो जवळजवळ पारदर्शक दिसतो, बाजूने पाहिले तर निळसर दुधाळ झाक. शेवटी 0.22 मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून काढा आणि फिल्टरची चकती फेकण्याआधी तिच्याकडे एकदा पाहा. चकती रंगली असेल तर तुमचा रंजक कणात न जाता गुठळ्या होऊन तिथेच अडकला आहे, आणि खाली आलेल्या द्रावणात रंजक किती याचा तुमचा हिशेब चुकलेला आहे. शोषणाचा वर्णपट पुन्हा मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका.

किती रंजक भरायचा?

जास्त भरला की कण जास्त तेजस्वी होईल असे वाटते, आणि एका मर्यादेपर्यंत होतोही. पुढे दोन ट्रिप्लेट एकमेकांना गाठून विझवू लागतात आणि विलंबित भागच आधी मरतो. पॉलिमरच्या कणात वजनाच्या काही टक्क्यांपासून सुरुवात करा, चार-पाच वेगवेगळी प्रमाणे बनवा, आणि एकूण तेजाऐवजी दार उशिरा उघडल्यावर किती प्रकाश येतो ते मोजून निवड करा.

कण पेशीत कुठे जातात?

बहुतेक कण पेशी एंडोसायटोसिसने गिळते. पटल आत वळते, पिशवी तयार होते, आणि पिशवी पुढे लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीच्या पचनाच्या कप्प्यात जाते, जिथे आम्लता 4.5 ते 5 पीएच इतकी असते. चित्रात केंद्रकाभोवती ठिपके दिसतात आणि केंद्रक स्वतः काळेभोर राहते. ठिपक्याचा आकार पाहून कणाचा आकार ठरवू नका. साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकाला 200 नॅनोमीटरच्या आसपासपेक्षा बारीक दिसत नाही, त्यामुळे 50 नॅनोमीटरचा कणही तेवढाच फुगलेला दिसतो.

गिळण्याची खात्री करायची तर एक थाळी 37 अंशांना आणि एक 4 अंशांना ठेवा. थंडीत गिळणे जवळजवळ थांबते. दोन्हींत सारखेच ठिपके दिसले तर कण पेशीला बाहेरूनच चिकटले आहेत.

कण पेशीद्रवात मोकळे हवेत असतील तर ते अवघड आहे. पेशी भेदणारी पेप्टाइड जोडतात, पण त्यांच्यासकटही बरेच कण लायसोसोममध्येच जातात. लेखात तसा दावा दिसला तर लायसोसोम रंगवणाऱ्या दुसऱ्या रंजकासोबतचे चित्र आधी शोधा.

रंजक कणातून गळतो का?

गळतो, आणि फसवतो. आमच्या एका मालिकेत कण पेशीभर इतके छान पसरलेले दिसत होते की आम्ही पेशीद्रवात पोहोचल्याचा आनंद साजरा केला. मग दार 500 नॅनोसेकंद उशिरा उघडले आणि पडदा काळा. जे पसरले होते ते कण नव्हतेच, कणातून सुटलेला रंजक मेदाच्या थेंबांत जाऊन बसला होता. तिथे ऑक्सिजन मोकळा फिरतो, म्हणून त्याची साधी प्रतिदीप्ती उरली आणि विलंबित गेली.

त्या दिवसाचे वाईट वाटले, पण एक चांगली पद्धत हाती लागली: तात्काळ आणि विलंबित अशी दोन्ही चित्रे नेहमी शेजारी ठेवा. फक्त तात्काळ चित्रात असलेला उजेड हा गळलेला रंजक किंवा पेशीचा स्वतःचा. दोन्हींत असलेला उजेड कणाचा.

आमच्याकडे प्रतिदीप्तीचे आयुष्य मोजून चित्र काढणारा, म्हणजे फ्लिमचा सेट-अप आहे. तो चालेल का?

जसाच्या तसा नाही. नेहमीचा स्पंदित लेसर सेकंदाला 8 कोटी ठोके देतो, म्हणजे दोन ठोक्यांत फक्त 12.5 नॅनोसेकंद. तुमचा रंजक मायक्रोसेकंद चमकतो. त्याचा उजेड संपायच्या आत शेकडो ठोके येऊन जातात आणि विलंबित भाग एका सपाट पार्श्वभूमीसारखा दिसतो. लोक ती वजा करून टाकतात आणि मग म्हणतात की विलंबित काही सापडले नाही.

5 मायक्रोसेकंदांच्या रंजकासाठी दोन ठोक्यांत निदान पाच आयुष्ये, म्हणजे 25 मायक्रोसेकंद द्या. ठोके सेकंदाला 40 हजारांवर आले. आता बिंदूबिंदूने चित्र काढायला गेलात तर 512 गुणिले 512 बिंदू, प्रत्येकी फक्त 10 ठोके, तरी एका चित्राला 65 सेकंद लागतात. तेवढ्या वेळात लायसोसोम जागा बदलून बसतात. म्हणून जिवंत पेशींसाठी माझी पसंती पूर्ण दृश्य एकदम टिपणाऱ्या, इंटेन्सिफायर (मंद प्रकाश वाढवणारा भाग) लावलेल्या गेटेड, म्हणजे ठरल्या क्षणी दार उघडणाऱ्या कॅमेऱ्याला आहे.

लेसर परवडत नसेल तर स्पंदित एलईडी चालते. तिचा उजेड एकदम विझत नाही, शेपूट राहते, म्हणून दार 1 मायक्रोसेकंद उशिरा उघडा. 5 मायक्रोसेकंदांच्या रंजकाचा 18 टक्के प्रकाश जाईल. जाऊ द्या.

दिसते आहे ते टीएडीएफच, हे कसे ठरवायचे?

कणांच्या द्रावणावर तीन तपासण्या. पहिली रंगाची: विलंबित प्रकाशाचा वर्णपट तात्काळ प्रकाशाशी जुळायला हवा. तो लालीकडे सरकलेला असेल तर ती स्फुरदीप्ती, म्हणजे फॉस्फोरेसन्स असू शकते. दुसरी तापमानाची: गरम केल्यावर टीएडीएफचा विलंबित भाग साधारणपणे वाढतो, स्फुरदीप्ती घटते. तिसरी तीव्रतेची: उत्तेजक प्रकाश दुप्पट केल्यावर विलंबित प्रकाश दुप्पट व्हायला हवा. मंद प्रकाशात तो चौपट झाला तर दोन ट्रिप्लेट मिळून एक सिंगलेट बनवण्याची वेगळी प्रक्रिया चालू आहे.

पेशींच्या प्रयोगात कोणते कंट्रोल ठेवावेत?

काहीच न घातलेल्या पेशी, रंजक नसलेले रिकामे कण घातलेल्या पेशी, आणि कण वगळून उरलेले द्रावण घातलेल्या पेशी. चित्रण करताना फिनॉल रेड आणि रायबोफ्लेव्हिन नसलेले माध्यम वापरा, दोन्ही स्वतः चमकतात किंवा पार्श्वभूमी वाढवतात. पेशी स्थिर करायच्याच असतील तर ग्लुटाराल्डिहाइड टाळा, त्याने पेशीची स्वतःची चमक वाढते.

पेशींना इजा होते का?

होऊ शकते, आणि हा प्रश्न मनापासून घ्या. ट्रिप्लेटने ऊर्जा ऑक्सिजनला दिली की सिंगलेट ऑक्सिजन तयार होतो, जो जवळच्या प्रथिनांना आणि मेदांना भाजतो. याच गुणामुळे काही टीएडीएफ कण प्रकाशाने कर्करोगाच्या गाठी नष्ट करण्यासाठीही अभ्यासले जातात. चित्रणात मात्र तो शत्रू. ऑक्सिजनच्या धडका कमी करणारे आवरण इथेही कामी येते.

फक्त अंधारात केलेली एमटीटी चाचणी (पेशी किती जिवंत आहेत हे रंगावरून सांगणारी) पुरेशी नाही. चित्रणात जितका प्रकाश पडणार तितकाच प्रकाश देऊन, दुसऱ्या दिवशी पेशी किती जगल्या ते मोजा.

युरोपियम किंवा इरिडियमची संयुगे का वापरू नयेत?

वापरा की, जिथे जमतात तिथे. युरोपियमचा उजेड मिलिसेकंदांच्या घरात टिकतो, पार्श्वभूमी पूर्ण नाहीशी होते. पण तो इतका सावकाश येतो की एका रेणूकडून सेकंदाला मोजकेच फोटॉन मिळतात. इरिडियम, रुथेनियम, प्लॅटिनम यांचे आयुष्य सोयीचे असते, मात्र जड धातू आले. टीएडीएफ कण या दोन्हींच्या मधली जागा घेतात: धातू नाही, आणि मायक्रोसेकंदांचा सोयीस्कर उशीर.

या कणांनी पेशीतला ऑक्सिजन मोजता येईल का?

येईल, पण मग सगळा विचार उलटा करावा लागतो. आवरण असे हवे की ऑक्सिजन रंजकाला नियमितपणे भेटेल, आणि तापमान काटेकोर स्थिर हवे, कारण टीएडीएफ तापमानालाही तितकाच प्रतिसाद देतो. एका अंशाचा फरक ऑक्सिजनचा फरक म्हणून वाचला जाऊ शकतो. चित्रणासाठी बनवलेला कण मापनासाठी वापरू नका.

जाड ऊतीत चालतील का?

आज बहुतेक टीएडीएफ रंजक जांभळ्या-निळ्या प्रकाशाने उत्तेजित होतात, आणि तो ऊतीत खोल जात नाही. लाल रंजक बनवता येतात, पण चमक लालीकडे जाईल तशी उष्णतेत वाया जाणारी ऊर्जा वाढते. दोन फोटॉन एकदम शोषणारे रंजक हा आशेचा रस्ता आहे. तोपर्यंत पेशींचा एक थर ही यांची हक्काची जागा.

बनवलेले कण किती दिवस ठेवता येतात?

4 अंशांना, अंधारात, पाण्यात. गोठवू नका, बर्फाचे स्फटिक कणांना एकमेकांवर दाबून चिकटवतात आणि वितळल्यावर ते सुटत नाहीत. दर वापराआधी डीएलएसने (विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार मोजण्याच्या पद्धतीने) आकार बघा आणि द्रावणातच, हवेच्या संपर्कात, विलंबित आयुष्य पुन्हा मोजा. आकार तोच आणि आयुष्य घटलेले असेल तर रंजक गाभ्यातून पृष्ठभागाकडे सरकू लागला आहे. ती बाटली बाजूला ठेवून नवी बनवा.